पान पाच

पानामागे चाळीस पैसे.
कोऱ्या पानाचे नाहीत.
म्हणून पहिल्याच दिवशी यंत्रात खूण केली:
रिकामी पाने वगळा.
माझं पाप एवढंच, असलंच तर.

परळच्या या रात्रकॉलेजच्या तळघरात
पंखा आहे, खिडकी नाही.
खोकी एकोणतीस,
प्रत्येकावर लाल खडूने: विद्यार्थी, किरकोळ.
आत सुतळीने आवळलेले ‘साडेसहा’चे गठ्ठे.
साडेसहा, म्हणजे पहिल्या तासाची घंटा;
दिवसभर कुठे कुठे राबून आलेल्यांचं पाक्षिक,
सायक्लोस्टाइल, एका बाजूने छापलेलं,
किंमत दहा पैसे,
परवडत नसेल तर वाचून परत करा.

मी वाचत नाही.
वाचलं तर दिवसाला सहाशे पानं होत नाहीत.
तरी डोळे उघडे असतात, थोडं सांडतंच आत:
प्रयोगशाळेतला दिवा नवव्यांदा गेला.
हरवली आहे, निळी छत्री, मूठ तुटकी, आणणाऱ्यास चहा.
मागील अंकात श्री. धुमाळ यांचे निधन झाल्याचे छापले गेले,
ते फक्त नापास झाले आहेत.

यंत्र अक्षरं ओळखतं, म्हणजे ओळख दाखवतं.
‘सभा उधळली’चं त्याने ‘सभा उजळली’ केलं.
मी हात लावला नाही.
दुरुस्तीचे पैसे दुसऱ्या माणसाला मिळतात.

मग प्रबंध आले.
काळी बांधणी, सोनेरी नाव,
मागच्या खिशातल्या कार्डावर एकही तारीख नाही.
फिरोज मुजावर, एकोणीसशे चौऱ्याण्णव,
पान दोनशे बारा, तळटीप सात.
पाहा: ‘साडेसहा’, अंक चौदा, पान पाच.
प्राचार्यांनी नऊ ओळी कापल्या.
संपादक मंदाकिनी तांडेल, दिवसा टेलिफोन ऑपरेटर,
सांगतात की मग आम्ही अख्खं पानच कोरं सोडलं.
पण फुकट नाही सोडलं.
कोरा स्टेन्सिल चढवला
आणि हँडल दोनशे वेळा फिरवलं,
प्रत्येक प्रतीसाठी एकदा.
त्या नऊ ओळी काय होत्या, आता आठवत नाही.
खांदा आठवतो.

पडद्यावर अंक चौदा उघडला.
चार.
मग सहा.
मध्ये फटसुद्धा नाही,
चारच्या पाठीला सहा चिकटून निवांत बसलेलं.

गठ्ठे भिवंडीच्या गोदामात जायला निघालेले.
तीनला टेम्पो आहे, शिपाई भोस्तेकर म्हणाले,
आता सोडशील तर बांधायचं तूच.
सुतळी दाताने सोडली.
अकरा, बारा, तेरा,
तेराला वाळवीने खाल्लंय,
चौदा.

पान पाच.
स्टेपलच्या गंजाचे दोन ठिपके.
चारी बाजूंनी पुसट शाईची रेघ,
स्टेन्सिल जिथे संपत असे तिथली.
खाली उजवीकडे एक अंगठा,
कुणाचा तरी, घाईतला.

काच पुसून ठेवलं.
यंत्र म्हणालं: अक्षरे शून्य. वगळायचे?
नाही.
त्याने पुन्हा विचारलं.
नाही म्हटलं ना.

आता रकाने.
शीर्षक: नाही.
लेखक: इथे बराच वेळ बसलो.
मग लिहिलं, मंदाकिनी तांडेल आणि हँडल फिरवणारे.
शोधशब्द एक तरी द्यावाच लागतो,
त्याशिवाय पान पुढे सरकत नाही.
खांदा, असं टाकलं.
उद्या कुणी हाडवैद्य शोधायला येईल
आणि इथे पोचेल. येऊ दे.

महिन्याच्या बिलात ते पान धरलं.
हिशोबाच्या बाईंनी आकड्याभोवती गोल काढला,
शेजारी बारीक अक्षरात: कोरे आहे, कसे?
चाळीस पैसे कापले.

खूण मी काढून टाकली आहे.
त्याआधी उरलेल्या अठ्ठावीस खोक्यांतली
किती पानं वगळली गेली,
ते यंत्राने मोजलेलं नाही.
टेम्पो वेळेवर आला होता.